इराण्याकडची न्याहारी

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत मी एक साधी सूचना मांडली. वर्धापनदिनाच्या निमित्ताने आपण सगळ्यांनी एका सकाळी इराण्याच्या हॉटेलात जाऊन न्याहारी करावी, एवढीच. सूचना मांडून मी खाली बसते न बसते तोच हरकतींना सुरुवात झाली. एकीने विचारले, "सकाळची वेळ? मग घरच्यांच्या नाश्त्याचे काय?" दुसरी म्हणाली, "इराण्याकडे अंडी असतात." तिसरीने वर्गणीचा हिशेब काढला. चौथी काहीच बोलली नाही, पण तिने नुसते 'हं' केले, आणि ते 'हं' पहिल्या तिघींच्या बोलण्यापेक्षा जड होते. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्हांला एवढे वाटते आहे तर पुढच्या सभेत त्यावर बोला." मला वाटते, सूचना बारगळावी म्हणूनच त्या तसे म्हणाल्या असाव्यात. पण मी बोलायला उभी राहिले आहे, तेव्हा आता तुमचा इलाज नाही.

इराणी म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्या गिरगावात, दादरला किंवा पुण्यात वाढल्या त्यांना सांगायला नको. पण आपल्या सुनांना सांगायला हवे. त्यांच्या लेखी इराणी म्हणजे बन-मस्क्याचे छायाचित्र काढण्याची जागा. पारशी हजार वर्षांपूर्वीच गुजरातच्या किनाऱ्याला लागले. इराणी त्यांच्यामागून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी आले. बहुतेक यझ्द आणि केरमान या प्रांतांतले. तिथे झरथुष्ट्री लोकांवर जिझिया कर होता, नाना तऱ्हेचे जाच होते, आणि १८७०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया नावाच्या गृहस्थांना आपले प्रतिनिधी म्हणून तिकडे पाठवले होते. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ साली तो कर उठला. तोवर पुष्कळ माणसे घर सोडून निघाली होती. सगळेच इराणी हॉटेलवाले झरथुष्ट्री होते असे मात्र नव्हे. इराणातून आलेल्या शियापंथी मुसलमानांनीही अशी हॉटेले काढली, आणि ती चांगली चालवली.

मुंबईत आलेल्या या लोकांपाशी भांडवल बेताचे, भाषा परकी, आणि काम करायची तयारी मात्र दांडगी. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे, दोन बाजूंनी उघडे असलेले दुकान आपल्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ते स्वस्तात मिळे आणि इराणी ते घेत, असे सांगतात. खरे-खोटे देव जाणे. पण इराणी नेहमी कोपऱ्यावरच असे, हे मी या डोळ्यांनी पाहिलेले आहे. धोबी तलावचे कयानी १९०४ सालचे, त्याच्या शेजारचे ससानियन १९१३चे, ग्रँट रोड स्टेशनाजवळचे मेरवान १९१४चे, आणि पुण्याच्या डेक्कनवरचे गुडलक १९३५ सालचे. या मेरवानची गंमत आठवते ना? २०१४ साली ते कायमचे बंद होणार असे जाहीर झाले, तेव्हा शेवटचा मावा केक मिळावा म्हणून लोकांनी रांगा लावल्या. आणि काही आठवड्यांनी ते पुन्हा उघडले! रांगेत उभे राहून डोळे पुसणाऱ्यांना काय वाटले असेल, कोण जाणे.

आत गेले की सगळीकडे एकच थाट. संगमरवरी टेबले, लाकूड वाफेवर वाकवून केलेल्या काळ्या खुर्च्या, भिंतीभर आरसे. आरसे शोभेचे खरे, पण गल्ल्यावर बसून मालकाला सगळी टेबले दिसावीत हाही हेतू असणार. गल्ल्यामागे काचेच्या मोठ्या बरण्या, त्यांत खारी, नानकटाई, बटर. एका बाजूला साबण, काडेपेट्या, दाढीची पाती, अंडी. वर झरथुष्ट्राची तसबीर आणि तिच्यापुढे दिवा. चहा 'पाणी कम' मागितला तर दाट आणि दुधाळ येई. बन गोडसर आणि मऊ, ब्रुन कडक आणि बिनगोडाचा. तो सुरीने कापताना कवचाचा आवाज झाला नाही तर तो ब्रुन कालचा समजावा.

आणि मालकाचा विक्षिप्तपणा! तो नसला तर ते हॉटेल इराण्याचे नव्हेच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो इराणी होता, त्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असे आणि घड्याळाखाली पाटी असे: 'हे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे.' कुणी म्हणाले, "मग मागे का करत नाही?" तर तो म्हणे, "मग पाटीचे काय करू?" दहाच्या पुढे आम्लेट मागितले की तो गिऱ्हाइकाकडे असा पाही, की जणू त्याने रात्री बारा वाजता भूपाळी म्हणायला सांगितली आहे. उधार मागू नये, घरचा डबा उघडू नये, पाय खुर्चीवर घेऊ नयेत, अशा पाट्यांनी भिंत भरलेली. धोबी तलावच्या बस्तानीत अशीच एक पाटी होती आणि तिच्यावरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. ते बस्तानी २००४ साली बंद झाले. पाटी गेली, कविता राहिली. आमच्या इराण्याला कवी भेटला नाही. त्याला भेटले आम्ही, चाळीतली पोरे, आणि आम्ही त्याच्या पाट्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजत असू.

ही दुकाने एकट्याची क्वचितच असत. दोन-तीन भागीदार, बहुधा नात्यातले, आणि आळीपाळीने काही महिने एकाने दुकान सांभाळायचे. त्यामुळे पाळी बदलली की चहाची चवही थोडी बदले. माझे वडील म्हणत, "धाकटा आला वाटते, साखर कमी झाली."

आता तुमच्या लक्षात आले असेल की मी म्हणाले, माझे वडील म्हणत. ते रोज कचेरीला जाताना इराण्याकडे थांबत. तिथे आम्लेट-पाव खात. हे सगळ्या चाळीला माहीत होते, आजीलाही माहीत होते. घरात अंडे येत नसे. पण पुरुषांचे बाहेरचे बाहेर, असा त्या वेळचा न्याय होता. आम्हां मुलांना पाव आणायला पिटाळत. आईला मात्र इराण्याची पायरी ठाऊक नव्हती. कुणी बंदी घातली होती असे नव्हे. बंदी घालावी लागते ती जायचा विचार मनात येणाऱ्याला.

बाहेर खाण्यापिण्यावरून आपल्याकडे केवढे रण माजले आहे, हे तुम्ही जाणताच. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मोठी माणसे सभेला गेली, तिथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि त्यावरून ग्रामण्य झाले. टिळक, रानडे यांच्यासारख्यांवर त्या एका कपापायी प्रायश्चित्ताची पाळी आली. त्याच्याही आधी, १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेत सभासद व्हायचे तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. म्हणजे पावाच्या एका तुकड्यात केवढा धर्म आणि केवढी सुधारणा मावत होती पाहा! पण या सगळ्या कथांत कप पुरुषांच्या हातात आहे. कुणी चहा प्यायले, कुणी नुसताच समोर ठेवला, याची नोंद झाली. त्या रात्री घरोघरच्या बायकांनी काय सोसले, ते समजायला रमाबाई रानड्यांसारखी एखादीच लिहिणारी निघते.

इराण्याने बाईमाणसासाठी एक सोय केली होती, ती म्हणजे 'फॅमिली रूम'. आतल्या बाजूला किंवा माळ्यावर लाकडी आडभिंती घालून केलेले खण, प्रत्येकाला पडदा किंवा अर्धे दार. माझ्या काही सुशिक्षित मैत्रिणी त्या खणांवर फार रागावतात. म्हणतात, बाईला पडद्याआड बसवण्याचाच तो आणखी एक प्रकार. त्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. पण जिला पडद्याबाहेर बसणे त्या काळी शक्यच नव्हते, तिच्या दृष्टीने तो पडदा काय होता, हे मी जे पाहिले ते सांगते. मग तुम्ही ठरवा.

१९६५ सालचा पावसाळा. मी बारा वर्षांची होते. वडिलांना विषमज्वर झाला आणि त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. इस्पितळ घरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. रात्री त्यांच्याजवळ आई बसे, आणि पहाटे काका येऊन तिला मोकळे करीत. चौथ्या दिवशी मी हट्टाने रात्री तिच्याबरोबर राहिले होते. पहाटे आम्ही दोघी निघालो तेव्हा पाऊस कोसळत होता. छत्री एक, तीही एका काडीने मोडलेली. आईने आदल्या दुपारपासून काही खाल्ले नव्हते, हे मला तेव्हा कळले नाही. ती चालता चालता एका खांबाला धरून उभी राहिली, तेव्हा कळले. समोर आमच्या गल्लीचा इराणी नुकताच उघडला होता. घर तिथून शंभर पावलांवर. पण घर म्हणजे तीन मजले चढायचे, मग चूल, मग आजीचा चहा, मग धाकट्यांचे दूध.

आम्ही पायरीवर छपराखाली उभ्या राहिलो. आत गेलो नाही. आईने मला सांगितले, "पोरी, तू एक पाव घे नि इथेच खा." गल्ल्यावरच्या इराण्याने ते ऐकले. त्याने हातातली जपमाळ खाली ठेवली आणि ओरडून म्हणाला, "पायरी बसायची जागा नाय. अंदर बेसो." त्याचा ओरडा ऐकून मी घाबरले, मला वाटले, पायरीवर उभे राहू नये अशीही एखादी पाटी असेल. मग आतून त्याची बायको आली. गोरी, उंच, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली. तिने आईच्या कोपराला धरले आणि काहीही न बोलता आम्हांला आत नेऊन त्या खणात बसवले आणि पडदा ओढला.

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. पुढच्या क्षणी उठायचे आहे असे बसतात ना, तशी. इराणीणबाईंनी विचारले, काय देऊ? आईने खूप वेळाने विचारले, "बनात अंडे असते का?" आता विचार करा, दुकानदाराला 'नाही' म्हणायला किती सोपे होते. पण त्या म्हणाल्या, "बन नको घेऊ, बाई. बनला वरून कधी कधी अंड्याचा हात लागते. ब्रुन घे. त्यात मैदा, मीठ, पाणी, ने खमीर. बस." मग स्वतः जाऊन सुरी धुऊन आणली, आईच्या देखत कोरड्या फडक्याने पुसली आणि ब्रुन कापून त्याला लोणी लावले. चहाचे दोन कप आले. एक माझ्यासाठी, आणि तोही पूर्ण. घरी मला बशीत उरलेला मिळे.

मैत्रिणींनो, आईने ब्रुन चहात बुडवला, खाल्ला आणि मग कप उचलून चहा प्यायली. कपातून वाफ येत होती. मी आईकडे पाहतच राहिले, कारण तिला वाफेचा चहा पिताना मी कधी पाहिलेच नव्हते. घरी तिचा कप चुलीच्या कडेला झाकून ठेवलेला असे आणि सगळ्यांचे झाल्यावर साय धरलेला तो चहा ती उभ्याने, दोन घोटांत संपवी. पोह्यांचेही तेच. पातेल्याच्या बुडाशी खरपुडी राहील ती तिची. मला तोवर असे वाटत होते की आईला गार चहाच आवडतो.

बाहेर पडताना ती म्हणाली, "घरी बोलू नकोस हं."

वडील अकरा दिवसांनी घरी आले आणि मी बोलले. आजीने केलेला चहा पिताना मी म्हणून गेले की इराण्याकडचा याहून दाट असतो, आम्ही प्यायलो होतो. आजी काही बोलली नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. चार दिवस तिने आईच्या हातचे पाणी घेतले नाही, आणि देवघरातले सगळे स्वतः केले. आणि वडील? ज्यांनी त्याच हॉटेलात त्याच टेबलांवर वर्षानुवर्षे आम्लेटे खाल्ली होती, त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. मी वडिलांवर फार प्रेम करीत असे. पण ते वर्तमानपत्र मी त्यांना कधी माफ केले नाही. आईने मला शब्दानेही दोष दिला नाही. त्यानंतर आमच्या घरात इराण्याचा विषय निघाला नाही.

आजी १९७४ साली गेली. माझे लग्न झाले, मी उपनगरात राहायला आले. वडील गेले, आणि आई १९९२ साली गेली. पुढल्या वर्षी चाळीतल्या खोलीच्या कागदपत्रांसाठी मी गिरगावात गेले होते. काम लांबले, पाय दुखू लागले, म्हणून इराण्याकडे शिरले. गल्ल्यावर आता मुलगा बसत होता, पण इराणीणबाई होत्या. थकल्या होत्या, रुमाल तसाच पांढरा. मी कुणाची मुलगी ते सांगितले, तशा त्या म्हणाल्या, "तुझी माय लई दिवस झाले आली नाय."

मी म्हटले, आई गेली. पण येत नव्हती म्हणजे काय? ती इथे कधी येत होती?

त्यांनी मला आतल्या खणाकडे नेले आणि सांगितले. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आई तिथे येई. कधी चुकली नाही. म्हणजे १९६५पासून आजारी पडेपर्यंत, पंचवीसाहून अधिक वर्षे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी आई फडक्यांच्या गणपतीला जाते, हे आम्हां सगळ्यांना माहीत होते. यायला उशीर झाला की म्हणे, "आज गर्दी फार होती." त्या पंचवीस वर्षांत गणपतीला खरोखर किती गर्दी होती, ते त्या गणपतीलाच ठाऊक.

"एकटीच यायची?" मी विचारले.

"एकटी. पण चाय दोन मंगवायची." इराणीणबाई सांगू लागल्या. "पहिल्या टायमाला मी विचारले, दुसरा कोणाचा? तर बोलली, तुमचा. बसा. मी बोलली, मला टाइम नाय. तर बोलली, मलापण नाय."

आणि त्या दोघी बसत. पडदा ओढलेला. फार बोलत नसत, त्या म्हणाल्या. एकीची भाषा दुसरीला अर्धीच येत होती. पण त्या घरात लग्न होऊन आल्यापासून, पहाटे चारला उठून अंडी मोजायची, लोणी काढायचे, मावा केकचे कागद कापायचे, हे करता करता त्या दुकानात त्यांना 'बसा' म्हणणारी माझी आई पहिलीच. गिऱ्हाइकांत कुणाला त्या तिथे आहेत हेदेखील माहीत नव्हते. हॉटेल नवऱ्याचे, त्याच्या भावाचे. पाट्या त्यांच्या, विक्षिप्तपणा त्यांचा, नावही त्यांचेच. पडद्यामागची बाई एकच नव्हती, त्या खणात दोघी होत्या, हे मला तिथे चाळिसाव्या वर्षी कळले.

इराण्यांच्या दुकानांत असे पुष्कळ हात आहेत. बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया तुम्ही ऐकून असाल; ते न्याहारीचे नव्हे, दुपारच्या जेवणाचे. १९२३ साली निघालेले. त्याचे मालक बोमन कोहिनूर २०१९ साली गेले तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर भरभरून लिहून आले, आणि ते योग्यच होते. टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारा असा मालक विरळा. पण ज्या बेरी पुलावासाठी लोक तिथे जातात, तो त्यांच्या पत्नीने इराणातून आणला. आंबट लाल झरिश्क घातलेला तो पुलाव तिच्या हातचा. हे दुकानदारांनी लपवले असे मी म्हणत नाही. बोमनशेठ तर ते सांगत असत. ऐकणारे विसरून जातात.

आमच्या गल्लीचा इराणी २००६ साली बंद झाला. कारणे तीच, जी सगळीकडे. भागीदारांच्या मुलांची संख्या वाढली, जागा पागडीची, मुले शिकून परदेशी गेली. कोण पहाटे चारला उठणार? त्याआधीच उडुप्यांच्या हॉटेलांनी गिऱ्हाईक ओढले होते. काहींनी दारूचा परवाना काढून बिअर विकायला सुरुवात केली, काहींनी जागा बँकांना, औषधांच्या दुकानांना दिल्या. आमच्या कोपऱ्यावर आता औषधांचेच दुकान आहे. मागे एकदा रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मुद्दाम तिथे गेले. जिथे तो खण होता तिथे शीतकपाट आहे. इराणीणबाईंचे पुढे काय झाले, याचा मला पत्ता लागला नाही. १९९३ सालच्या त्या भेटीनंतर मी पुन्हा जाईन म्हटले होते आणि गेले नाही. सवड झाली नाही, असे सांगता येईल. पण आई तेवढ्यासाठी गणपतीची गर्दी उभी करीत होती, तेव्हा सवडीचे कारण मी तुमच्यापुढे सांगणार नाही.

आता त्या हरकतींकडे येते, कारण अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत आहेत, आणि ते घड्याळ दहा मिनिटे पुढे नाही.

अंड्यांचे म्हणाल तर इराण्याकडे अंडी असतात. भरपूर असतात. ज्यांना चालतात त्यांनी आकुरी खावी. कांदा, टोमॅटो, मिरची घालून मऊसर ठेवलेली अंडी, पावाबरोबर फार छान लागतात. ज्यांना चालत नाहीत त्यांनी ब्रुन-मस्का मागवावा, आणि शंका असली तर विचारावे. विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. आईने विचारले होते. वर्गणीचे म्हणाल तर प्रत्येकीने आपले पैसे आपण द्यायचे, मंडळाच्या शिलकीला हात लागणार नाही. आणि घरच्यांच्या नाश्त्याचे काय, हा प्रश्न जिने विचारला तिला मी ओळखते. तिच्याकडे दोन मुलगे, एक नातू आणि एक निवृत्त नवरा आहे. चौघांचे हातपाय धडधाकट आहेत आणि पोहे कुठल्या डब्यात असतात हे त्यांना शोधता येईल. न सापडले तर तेही इराण्याकडे येऊ शकतात. मात्र त्यांनी वेगळ्या टेबलावर बसावे.

राहता राहिले ते 'हं'. त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. मी फक्त एवढेच सांगेन की त्या बाईंच्या शेजारची खुर्ची मी माझ्यासाठी राखून ठेवणार आहे.

पुढल्या मंगळवारी सकाळी सात वाजता स्टेशनच्या तिकीटखिडकीपाशी जमायचे. मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावला जायचे, गर्दीच्या आत पोहोचायचे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. ब्रुन फार कडक असतो. ज्यांना कवळी आहे त्यांनी चहात बुडवून खावा, आणि चहा गरम असतानाच प्यावा.